आहेरवहिनी आणि हेडसरांचा चहा

परवा एका लग्नात आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या एक बाई भेटल्या. ताटं हातात धरून जुन्या माणसांची उजळणी चालली होती. कोण कुठे राहायला गेलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वगैरे. मग त्या एकदम हसून म्हणाल्या, "आणि ती भांडकुदळ आहेरबाई आठवते का हो? काय बाई होती! शाळेतसुद्धा भांडायला जायची."

माझ्या हातातलं ताट मी तसंच टेबलावर ठेवलं. इतक्या वर्षांनंतरही माझं डोकं फिरायला तेवढं एक वाक्य पुरलं. हो, भांडायच्या आहेरवहिनी. शाळेत, दवाखान्यात, जिल्हा परिषदेत, रिक्षावाल्याशी, सगळीकडे भांडायच्या. का भांडायच्या, हे मात्र या बाईंनी तेव्हाही विचारलं नव्हतं आणि परवाही विचारलं नाही. जिलेबी घ्यायला पुढे निघून गेल्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही नाशिक रोडला जेल रोडच्या बाजूला एका तीन मजली बिल्डिंगमध्ये राहायचो. निम्म्या घरांतले पुरुष नोटा छापायच्या सरकारी प्रेसमध्ये, त्यामुळे प्रेसचा भोंगा झाला की घराघरांत कुकर चढायचा. मी एका पतपेढीत नोकरीला होते. आमच्या बरोबर खालच्या घरात आहेर राहायचे. आहेरभाऊ प्रेसमध्ये होते, आणि माणूस इतका गरीब की दूधवाल्याने पाण्यासारखं दूध घातलं तरी त्यालाच 'थँक्यू' म्हणायचे. वहिनी देवळ्याजवळच्या एका खेड्यातल्या. बुटक्या, सावळ्या, साडी घोट्याच्या वर खोचलेली, आणि चाल अशी झपाझप की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. शिक्षण सातवी. एरवी आमच्याशी बोलताना 'लय', 'नाय', 'हाय' एवढंच गावाकडचं यायचं; पण राग डोक्यात गेला की सरळ अहिराणी सुरू व्हायची. मग समोरच्याला अर्धं कळायचं नाही, पण आपल्याला काय म्हटलं जातंय ते बरोबर कळायचं.

त्यांची आणि माझी खरी ओळख झाली ती एका सुतळीमुळे. त्यांची मुलगी गौरी तेव्हा दुसरीत होती. शाळेच्या रिक्षातून जायची. एका दुपारी मी सुटी घेऊन घरी होते, तर खाली एवढा आरडाओरडा सुरू झाला की मी धावत गेले. रिक्षा दारात उभी, आणि गौरीचा हात रिक्षाच्या दांडीला सुतळीने बांधलेला. वहिनी दातांनी गाठ सोडत होत्या आणि रिक्षावाला शांतपणे सांगत होता, "उडी मारते वहिनी ती. चालत्या गाडीतून उतरते. मी दहा पोरं सांभाळू का हिला सांभाळू?"

"उडी मारते तर मला सांगायचं. बांधायला वासरू हाय का ते?"

"शाळेतल्या मॅडमनीच सांगितलं बांधा म्हणून."

वहिनींनी गाठ सोडली. त्यांनी ती सुतळी गुंडाळून कमरेला खोचली, गौरीला कडेवर घेतलं आणि चप्पल न घालता तशाच शाळेकडे निघाल्या. त्या दिवसापासून दहावी होईपर्यंत त्या गौरीला स्वतः चालत शाळेत सोडायच्या आणि आणायच्या.

गौरी कशी होती ते सांगते. गोड होती, पण सगळ्यांचा जीव खायची. तिचे पाय कधी थांबलेले मी पाहिले नाहीत. जेवताना हलायचे, झोपेत हलायचे. दप्तर वर्गात राहायचं, बाटली मैदानावर, कंपासपेटी तर महिन्याला नवी. पेपरात पहिल्या पानावरची उत्तरं बरोबर आणि मागचं पान कोरं, कारण पान उलटायचं असतं हेच तिच्या ध्यानात राहायचं नाही. वर्गात प्रश्न पूर्ण व्हायच्या आधी उत्तर ओरडायची. मुलगा असता तर 'वांड आहे' म्हणून सोडून दिलं असतं. मुलगी म्हटल्यावर लोकांना शोभेची काळजी. बिल्डिंगमधल्या बायका सांगायच्या, "मुलीच्या जातीनं असं नाचू नये." सासरच्यांचं ठाम मत होतं की वहिनींनी दिवस राहिलेले असताना ग्रहणात भाजी चिरली. एका नणंदेने त्र्यंबकला जाऊन नारायण नागबळी करायचा घाट घातला होता. वहिनींनी विचारलं, "असं कुठं लिवलंय, की नाग खूश झाला की पाढे येतात?"

'असं कुठं लिवलंय, दाखवा' हा त्यांचा पेटंट प्रश्न. भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना एकच. आणि दुसरी एक सवय म्हणजे कुठल्याही ऑफिसात त्या खुर्चीवर बसायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "वहिनी, बसा ना, पाय दुखतील." तर म्हणाल्या, "बसलं की माणूस विनंती करायला लागतं ताई. उभं राहिलं की ते लवकर उरकायला बघतात."

राग आला की त्या जिना धुवायच्या. शाळेतून भांडून आल्या की बादली, खराटा, आणि तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत सगळा जिना खसाखसा घासून काढायच्या. ऑफिसमधून येताना जिना ओला दिसला की मी समजायचे, आज पुन्हा काहीतरी झालंय. बिल्डिंगला फुकट झाडूवाली मिळाली म्हणून लोक हसायचे. त्या वर्षांत आमच्या जिन्याइतका स्वच्छ जिना अख्ख्या जेल रोडला नव्हता, आणि त्याची मला आज लाज वाटत नाही, संताप येतो.

तिसरीत गौरीच्या बाईंनी तिला वर्गाबाहेर बसवायला सुरुवात केली. एखाद्या दिवशी नाही, रोज. वर्गाबाहेर व्हरांड्यात मुलांच्या चपला काढलेल्या असायच्या, तिथे. बाईंचं म्हणणं, एकीमुळे साठ मुलांचं नुकसान होतं. वर्गात साठ मुलं होती हे खरं, आणि बाई एकट्या होत्या हेही खरं. पण चपलांजवळ बसवलेल्या मुलीला आपण कोण आहोत असं वाटत असेल, याचा विचार करायला साठ मुलं आड येत नाहीत. वहिनींना हे कळलं ते गौरीकडून नाही. गौरीला ती जागा आवडत होती, तिथून मैदान दिसायचं. दुसऱ्या एका मुलीने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी शाळेत गेल्या आणि गौरीशेजारी त्या चपलांत मांडी घालून बसल्या. बरोबर पिशवीत मेथीची जुडी नेली होती. मेथी निवडत बसल्या. शिपाई आला, त्याला म्हणाल्या, "माझी पोर बाहेर, तर मी बी बाहेर. मी आवाज करते का? नाय ना. मग?" मधल्या सुटीत सगळी शाळा बघायला जमली. तिसऱ्या दिवशी शेपू नेली. चौथ्या दिवशी बाईंनी गौरीला आत घेतलं आणि पहिल्या बाकावर बसवलं. वहिनींनी बाईंना निवडलेली शेपू देऊ केली. बाईंनी घेतली नाही, हे त्यांना फार लागलं.

एका ओळखीने नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका तरुण बालरोगतज्ज्ञाचा पत्ता मिळाला. मीही बरोबर गेले होते. डॉक्टरांनी गौरीशी तासभर गप्पा मारल्या, तिला खेळू दिलं, खुर्चीवरून उतरू दिलं. मग समजावून सांगितलं की ही मुलगी आळशी नाही, उद्धट नाही. लक्ष एका जागी टिकवणं आणि हातपाय आवरणं हे तिच्या मेंदूला इतरांपेक्षा जड जातं. त्याला ए.डी.एच.डी. म्हणतात. त्याखेरीज लिहिण्यावाचण्याची आणि गणिताचीही वेगळी अडचण आहे. मुंबईला तपासणी करून घ्या, तिथला दाखला मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. पुष्कळ काही बोलले ते. वहिनींनी सगळं ऐकून एकच विचारलं, "मग हे माझ्यामुळं नाय झालं?"

"नाही हो. मुळीच नाही."

बाहेर येऊन त्या रस्त्यावरच रडल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "आठ वर्षं मला ग्रहण सांगत होते." घरी येऊन त्यांनी नणंदेला फोन लावला. त्या फोनवर काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

मुंबईच्या सरकारी दवाखान्यात खूप खेटे पडले. पहाटे पंचवटी एक्सप्रेसने जायचं, रात्री परत. कधी डॉक्टर रजेवर, कधी 'पुढच्या महिन्यात या'. आहेरभाऊ म्हणाले, "जाऊ दे ना. मुलगीच तर आहे." हे वाक्य त्यांनी एकदाच म्हटलं. त्यानंतर आठवडाभर त्यांना घरात जेवण वाढलं जायचं, पण बोललं कुणी नाही. "तुम्ही नोटा छापा," वहिनी म्हणायच्या, "बोलायचं मी बघते." शेवटी तिथल्या डॉक्टरबाईंनी दाखला हातात दिला.

वहिनींचा अभ्यास घ्यायचा प्रकारही वेगळाच होता. गौरीला बसून पाढा यायचा नाही, उड्या मारत यायचा. हे लक्षात आल्यावर त्यांनी जिन्यावर पाढे सुरू केले. एका पायरीला एक. 'तेरा एके तेरा' खालून सुरू व्हायचं आणि 'तेरा दाहे तीसाशे' आमच्या दारात यायचं. दुपारी झोपणाऱ्यांनी तक्रार केली. सोसायटीची मीटिंग झाली. वहिनी मीटिंगमध्येही उभ्याच. "जिन्यात पाढे म्हणू नये असं कुठं लिवलंय? तुमच्या टीव्हीचा आवाज चालतो, माझ्या पोरीच्या पाढ्याचा नाय चालत?" त्या कुणी देवी नव्हत्या, हेही सांगते. एकदा पुन्हा कंपासपेटी हरवली तेव्हा त्यांनी गौरीला असं बदडलं की मला वरून धावत जावं लागलं. त्यानंतर दोन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही. गौरी मात्र तासाभरात विसरून त्यांच्याच गळ्यात पडली होती.

आता चहा. त्याशिवाय आहेरवहिनी कळणार नाहीत.

आमच्या त्या शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागायचा. गावभर कौतुक. प्रवेशासाठी रांगा. हा शंभर टक्के कसा लागतो ते कळायला तुमचं मूल नववीत कच्चं असावं लागायचं. नववीचा निकाल लागला की मे महिन्यात ठरावीक पालकांना शाळेतून निरोप यायचा. एरवी हेडसरांच्या केबिनबाहेर तासन्‌तास ताटकळणाऱ्या या पालकांना त्या दिवशी आत बोलावून खुर्ची दिली जायची आणि शिपाई कपबशीतून चहा आणायचा. मग हेडसर अतिशय गोड आवाजात सांगायचे, की मुलाला आम्ही नववी पास करतो, पण तुम्ही दाखला काढून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याला दहावीला बाहेरून बसवा. शाळेचा ताण नको, घरी आरामात अभ्यास होईल. सही करा इथे. म्हणजे दहावीच्या वर्षी मुलाला ना शाळा, ना शिक्षक, ना प्रयोगशाळा. आणि तो नापास झाला तर शाळेच्या निकालात त्याचं नाव नाही. देवळालीगावातले, चेहेडीचे, विहितगावचे साधे लोक असायचे. हेडसरांनी चहा पाजला या आनंदात सही करून, पाया पडून घरी जायचे.

गौरीच्या वर्षी निरोप आला तेव्हा वहिनी गावी होत्या. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरायच्या वेळी त्या दरवर्षी आठवडाभर माहेरी जायच्या. आहेरभाऊ एकटेच गेले. संध्याकाळी माझ्या दारात उभे, हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा खुललेला. "ताई, तोंड गोड करा. गौरी नववी पास झाली. अन् सरांनी तिच्यासाठी खास सोय केली. मुंबईचा दाखला दाखवला ना आपण, म्हणून केली असणार. किती चांगला माणूस हो! खुर्ची दिली, चहा पाजला. मला साहेब म्हणाले. मी त्यांनाबी पेढे देऊन आलो."

त्यांच्या खिशातून शाळा सोडल्याचा दाखला डोकावत होता. मी तो काढून घेऊन वाचला. ज्या माणसाने त्यांच्या मुलीला शाळेतून काढून टाकलं, त्याला हे पेढे देऊन आले होते. आजही त्या हेडसरांची आठवण आली की मला आधी तो पेढा घेतलेला त्यांचा हात डोळ्यांसमोर येतो. घेतला कसा त्यांनी? घशाखाली उतरला कसा?

मी आहेरभाऊंना नीट समजावून सांगितलं. ते जिन्यातच बसले. मग आम्ही वहिनींच्या भावाच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने त्या हजर. अंगाला कांद्याचा वास, पिशवी अजून खांद्याला. मला वाटलं आता घरात आकाशपाताळ एक होणार. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "चहात साखर होती का?"

आहेरभाऊंनी दाखला तेवढा पुढे केला.

"नाय, गोड लागला असंल म्हणून विचारते." एवढंच बोलल्या. दाखला घेतला, मला म्हणाल्या, "ओ ताई, येता का?" आणि निघाल्या.

केबिनमध्ये हेडसरांनी हसून खुर्ची दाखवली. आम्ही दोघी उभ्याच. त्यांनी बेल मारली, शिपाई चहा घेऊन आला. वहिनींनी ट्रे त्याच्या हातातून घेऊन टेबलाच्या कडेला ठेवून दिला.

"चहा नको सर. हा दाखला परत घ्या. माझी पोर दहावीला इथंच बसंल."

"अहो, तुमच्या मिस्टरांनी सही केलीय."

"त्यांना वाटलं तुम्ही भलं करताय."

"भलंच करतोय. बाई, तुम्ही समजून घ्या. मुलगी अभ्यासात ढ आहे, हे मान्य करायला काय हरकत आहे?"

"मनी पोर ढ नही शे!" वहिनींचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. मग स्वतःला सावरून त्या म्हणाल्या, "सरकारी डॉक्टरनं लिवून दिलंय तिला काय हाय ते. जादा वेळ मिळतो तिला. बोर्डाचा नियम हाय."

हेडसर खुर्चीत मागे रेलले. "ते मुंबईच्या इंग्लिश मीडियमच्या मुलांसाठी असतं हो. श्रीमंतांची फॅशन. आपल्याकडे मराठी माध्यमात असलं काही नसतं."

"असं कुठं लिवलंय? दाखवा."

वहिनींनी मुंबईच्या डॉक्टरबाईंनी दिलेली परिपत्रकाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. हेडसरांनी ती वाचली नाही. नुसती बोटाने परत सरकवली. आठ वर्षांची वणवण, मुंबईचे खेटे, आणि हा माणूस बोटाने कागद सरकवतो. मला तिथेच त्यांच्या कानशिलात ठेवून द्यावीशी वाटली. वाटतं ते होत नाही, म्हणून अशी माणसं निवृत्तीपर्यंत सुखात राहतात.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस वहिनी घरी फक्त झोपायला असायच्या. त्या वर्षी आणखी कुणाकुणाला चहा मिळाला, ते त्यांनी गौरीच्या वर्गातल्या मुलींकडून काढून घेतलं आणि एकेका घरी गेल्या. काही वेळा मीही गेले. सगळीकडे तेच. देवळालीगावातला एक भाजीवाला म्हणाला, "सरांनी एवढं प्रेमानं सांगितलं वहिनी, आता नाही कसं म्हणायचं?" चेहेडीला एका मुलाची आजी म्हणाली, "आमचा पोरगा आहेच ठोंब्या." तो मुलगा तिथेच बसून हे ऐकत होता. वहिनी तिला म्हणाल्या, "आजी, ठोंब्या म्हणू नका. त्याला शाळेनं हाकललंय अन् तुम्ही त्याच्यावरच राग काढताय." आजीने दार लावून घेतलं. एकही पालक बरोबर यायला तयार झाला नाही. वहिनी एकट्याच जिल्हा परिषदेत शिक्षण खात्याच्या साहेबांपुढे रोज जाऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर नाही, उद्या या म्हटलं तर उद्या हजर. शेवटी कंटाळून साहेबांनी शाळेत फोन केला.

गौरीला परत घेतलं. 'अपवाद म्हणून, तुमच्या मुलीपुरतं' असं हेडसर म्हणाले. आम्हाला वाटलं वहिनी जिंकल्या. बिल्डिंगमध्ये मी तसं बोलूनही गेले, तर माझ्यावर उखडल्या. "काय जिंकले? एकीला घेतलं अन् बाकीच्यांना वाट मोकळी. त्या चेहेडीच्या पोराचं काय?" त्या पोराचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

दहावीचं वर्ष कसंबसं गेलं. बोर्डाकडे पाठवायचे कागद शाळेने टेबलाच्या खणात ठेवले होते. वहिनींनी समोर उभं राहून ते पाठवायला लावले. जादा वेळेची परवानगी आली. गणिताच्या पेपरला वहिनी केंद्राच्या फाटकाबाहेर होत्या. घंटा झाली, सगळी मुलं बाहेर आली, आणि त्यांच्यातच गौरीही उड्या मारत आली.

"तू कशी आली? तुला अजून वेळ हाय."

"सरांनी पेपर ओढून घेतला."

"तू सांगितलं नाय, मला जादा वेळ हाय म्हणून?"

गौरीने जीभ चावली. "विसरले."

पर्यवेक्षकाच्या समोर परवानगीचं पत्र ठेवलेलं होतं. त्याने बघितलं नव्हतं, किंवा बघून सोडून दिलं होतं. जिला काही ध्यानात राहत नाही म्हणून सरकारने जादा वेळ दिला, तिनेच तो ध्यानात ठेवून मागायचा होता! वहिनी फाटकातून आत जायला धडपडल्या, पोलिसाने अडवलं. त्या दिवशी त्या गौरीला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. येताना तिला उसाचा रस पाजला.

गौरी गणितात थोडक्यात राहिली. शाळेचा शंभर टक्के हुकला. गुणगौरवाच्या दिवशी शाळेच्या मैदानावर लाउडस्पीकर लावला होता, त्याचा आवाज आमच्या गल्लीपर्यंत पोहोचत होता. मी वहिनींच्या स्वयंपाकघरात होते. हेडसरांचं भाषण ऐकू येत होतं. त्यांनी नाव घेतलं नाही. "एका विद्यार्थिनीमुळे, केवळ एका विद्यार्थिनीमुळे आपल्या परंपरेला या वर्षी गालबोट लागलं," असं ते म्हणाले, आणि टाळ्या नाही पण एक हळहळ उठलेली स्पष्ट ऐकू आली. गौरी बाहेरच्या खोलीत होती. तिचे पाय थांबले होते. मी ते पहिल्यांदा पाहिलं. वहिनी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्या दिवशी जिना कोरडाच राहिला.

ऑक्टोबरच्या परीक्षेत गौरी सुटली. पुढे काय झालं असं लोक मला उत्सुकतेने विचारतात. ती डॉक्टर झाली, कलेक्टर झाली असं ऐकायची त्यांची तयारी असते, म्हणजे मग सगळं फिटलं. तसं काही झालं नाही. ती एका कुरियरच्या ऑफिसात काम करते, दिवसभर पायावर असते, खुशीत असते आणि अजूनही घराची किल्ली हरवते. हिला नीट शिकवलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. आणि हे माहीत नसणंच मला सगळ्यात जास्त जाळतं.

आम्ही ती बिल्डिंग सोडून इंदिरानगरला आलो. आहेरभाऊ निवृत्त झाल्यावर वहिनींची गाठभेट सणासुदीपुरती राहिली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, मे महिन्याच्या ऐन उन्हात, मी नाशिक रोडला कामासाठी गेले होते. रिक्षा शाळेसमोरून चालली होती. फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली वहिनी दिसल्या. केस पुष्कळ पिकले होते, एका गुडघ्यावर जोर देऊन उभ्या होत्या. शाळेचा वॉचमन त्यांना हात करून "जा, जा" म्हणत होता आणि त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या. समोर एक तरुण नवरा-बायको उभे होते. नवऱ्याच्या हातात शाळेतून आलेला निरोपाचा कागद, कडेला चौदा-पंधरा वर्षांची त्यांची मुलगी खाली मान घालून. मी रिक्षा थांबवली. गौरीची शाळा संपून इतकी वर्षं झाली होती, आता या बाईचा या शाळेशी काय संबंध, असं मनात आलं तोवर त्या मुलीची आई रडायला लागली.

वहिनींनी तिचा दंड धरला. "रडता काय?" त्या तिच्यावर ओरडल्या. "आत जा, अन् नाय म्हणून या."